चारही लाल

एप्रिलातल्या थाई नववर्षाच्या सकाळी समरानच्या हातांवरून पाणी वाहत होतं आणि त्याची जीभ टाळूला चिकटली होती.

आंब्याखाली त्याची वेताची खुर्ची मांडली होती. समोरच्या चांदीच्या घंगाळात जाईच्या कळ्या तरंगत होत्या. एकेक जण गुडघे टेकून पुढं सरके, वाटीभर सुगंधी पाणी त्याच्या जुळलेल्या तळव्यांवर ओती आणि मान लववून थांबे. ‘सुखी राहा, धडधाकट राहा,’ असं पुटपुटत समरान ओले हात त्या वाकलेल्या डोक्यावर ठेवी. बोटांच्या फटींतून निसटलेलं पाणी खालच्या परातीत पडे आणि तो त्या पडण्याकडे पाहत राही. गल्लीच्या तोंडाशी पोरांनी पिंपं भरून ठेवली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला सक्तीनं न्हाऊ घातलं जात होतं. अवघी बँकॉक नगरी त्या दिवशी पाण्यात उभी होती, आणि समरानच्या वाट्याला होती औषधांसकट दिवसभराची एक लहानशी बाटली. लमदुआननं, त्याच्या बायकोनं, तिच्यावर सकाळ, दुपार आणि संध्याकाळ अशा रेघा ओढून ठेवल्या होत्या.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्यांनी काम सोडलं होतं. आता पोटाला एक नळी होती. दिवसातून चारदा तिच्यातून पिशवीभर औषधी पाणी आत सोडायचं, काही तास वागवायचं, आणि मग गढूळ होऊन ते परत येताना बघायचं. त्या पिशव्यांची खोकी पुढच्या खोलीत छताला भिडलेली होती. पाहुण्याला वाटावं, हे घर त्या खोक्यांनीच तोलून धरलं आहे. पोटात इतकं पाणी आणि घशात थेंब नाही, या विसंगतीवर तो सुरुवातीला हसायचा. मग हसणंही हळूहळू आटत गेलं.

“दादा, आशीर्वाद जरा दणकून द्या,” थावोन म्हणाला. शेजारच्या चौकाची चौकी सांभाळणारा हा गोलमटोल हवालदार, समरानचा जुना जोडीदार. “बायको म्हणते, बढती तर काही होत नाही तुझी, निदान पोट तरी कमी कर.”

“पोट कमी करायचा आशीर्वाद माझ्याकडं नाही.”

“का? निवडुंगाला कसलं पोट!”

सगळे हसले. समरानही हसला. निवडुंग हे त्याचं खात्यातलं नाव होतं, आणि खरं सांगायचं तर छातीवरच्या बिल्ल्यांहून त्याला तेच अधिक प्रिय होतं.

मखाम चौकात एक म्हातारी चिंच आहे आणि तिच्या उंचीला लोखंडी खांबांवर उभी असलेली काचेची चौकी. इथले दिवे घड्याळावर चालत नाहीत. चौकीत बसलेला पोलीस डोळ्यांनी रांगा जोखतो, वॉकीटॉकीवर शेजारच्या चौकांशी बोलतो, आणि अंगठ्यानं एकेक रस्ता सोडतो नाहीतर अडवतो. तो खुर्चीतून उठला की चार रस्त्यांची गाठ बसते आणि ती सोडवता सोडवता दिवस मावळतो. चौकीत संडास नाही. जवळचा म्हणजे चौक तिरका ओलांडून पलीकडच्या पेट्रोलपंपावरचा. बदलीचा माणूस कागदावर असतो, पण प्रत्यक्षात तो नेहमी दुसऱ्याच कुठल्या तरी रस्त्यावर लागलेला असतो. म्हणून त्या चौकीची एक रीत पडून गेली होती: वर चढायच्या आधी घोटभर कॉफी, आणि मग उतरेपर्यंत काही नाही. ही रीत समराननं व्रतासारखी पाळली होती. नव्या पोरांना तो पहिल्याच दिवशी सांगायचा, ‘ड्यूटीवर पाणी कोण पितं? जो पितो तो उतरतो. जो उतरतो तो शहर अडवतो.’ पोरं हे वाक्य पुढच्या पोरांना सांगत.

सगळ्यांत शेवटी तोई आली. त्याची एकुलती एक मुलगी. खाकी गणवेशातच होती, कारण इथून ती सरळ ड्यूटीवर जाणार होती. वडिलांना चौकीतून उतरवल्यावर तिनं हट्टानं मखाम चौकच मागून घेतला होता, आणि आता तिला ‘छोटा निवडुंग’ म्हणत. तिनं गुडघे टेकले, पाणी ओतलं, आणि मान लववायच्या ऐवजी सरळ त्याच्याकडं बघितलं.

“बाबा, आज आशीर्वाद नको. होकार पाहिजे.”

“कसला?”

“माझं रक्त जुळलंय तुमच्याशी. मी तपासून आले. एक किडनी माझ्याकडं राहील, एक तुम्हाला.”

अंगणातलं हसू थांबलं. लमदुआन पदार्थांची ताटं घेऊन येत होती ती दारातच उभी राहिली.

“वेडी आहेस का?” समरान म्हणाला.

“आहे. तुमचीच आहे.”

“तुझं लग्न व्हायचंय अजून.”

“नवऱ्याला मोजून दोन किडन्यांची बायको हवी असेल तर तो मला नकोच.”

थावोन जोरात हसला आणि लगेच गप्प झाला. लमदुआननं ताट खाली ठेवलं. ती समरानकडं बघत नव्हती. परातीतल्या पाण्याकडं बघत होती. “अहो, हो म्हणा,” ती इतक्या हळू म्हणाली की ते कुणाला सांगितलं की स्वतःला, कळू नये. “मी त्या बाटलीवर आणखी किती दिवस रेघा ओढू?”

समराननं मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. आशीर्वाद त्याला सुचेना. ओला हात तसाच राहिला, आणि तोईनं तोच होकार मानला.

*

त्यानंतरचे आठवडे त्या घरात एक विचित्र पाहुणा राहायला आला होता. त्याचं नाव आशा. समरान त्याच्याशी बोलायचं टाळायचा, पण रात्री पोटातलं पाणी निथळत असताना तो उशाशी येऊन बसायचाच. मग समरानला शहाळं आठवायचं. काळ्या नदीकाठी, होडीतल्या बाईकडून घेतलेलं, वरून कोयत्यानं छाटलेलं, ओठांच्या दोन्ही कडांनी ओघळणारं. त्याला वाटायचं, बरा झालो तर आधी ते. मग त्याला लाज वाटायची, की आपल्या मुलीच्या पोटावर टाके पडतील आणि आपण शहाळ्याचा विचार करतो आहोत.

तोईच्या एकेक तपासण्या होत गेल्या. शेवटचा मोठा स्कॅन झाला त्या दिवशी तिघंही इस्पितळात गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पडद्यावरचं चित्र त्यांच्याकडं वळवलं, आणि बराच वेळ त्या चित्राकडंच बघत राहिल्या.

“तोई, कमरेत दुखतं?”

“दिवसभर बसून कुणाचं दुखत नाही?”

“लघवीला जळजळ? ताप?”

“येतो-जातो.” तोईनं खांदे उडवले. “बाबांचं सांगा. कधी करायचं?”

डॉक्टरीणबाईंनी बोट ठेवून दाखवलं. दोन्ही बाजूंना खडे होते. डावी किडनी सुजून ताणलेली होती, आणि तिच्या काठावर जुन्या जंतुसंसर्गांचे व्रण होते, झाडावर घावांच्या गाठी राहाव्यात तसे. यातली एकही देता येणार नाही, त्या म्हणाल्या. एवढंच नाही, तर आहेत त्या दोन्ही जपाव्या लागतील, आत्तापासून, रोज. मग त्यांनी विचारलं, “दिवसाला पाणी किती पिता तुम्ही?”

तोई हसली. शाळेतल्या पोरीला पाठ असलेला प्रश्न यावा तशी तिची मान ताठ झाली, आणि वडिलांकडं एक नजर टाकून ती म्हणाली,

“ड्यूटीवर पाणी कोण पितं?”

समरान ते वाक्य ऐकत होता. ते त्याचंच होतं. शब्द तेच, चढउतार तोच, शेवटी हनुवटी किंचित वर जाणं तेही तसंच. आयुष्यभर त्यानं ते दुसऱ्यांना सांगितलं होतं. कुणी ते त्याला आज पहिल्यांदा सांगत होतं. पडद्यावरच्या करड्या चित्रात दोन पांढरे ठिपके चमकत होते. त्यांच्याकडं बघताना त्याला वाटलं, आपण मुलीला वारशात काय दिलं ते आता दिसतं आहे.

“मिस्टर समरान, तुम्हालाही असेच खडे होते ना आधी?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

त्यानं होकारार्थी मान हलवली.

परतीच्या होडीत तोई बोलत राहिली. थावोनची फजिती सांगितली, कुणा टॅक्सीवाल्याची नक्कल केली. दुसरा कुणी दाता मिळेल, म्हणाली. यादीत नाव आहेच. लमदुआन पाठमोरी बसून पाण्यात बघत होती. धक्क्यावर उतरताना तोईनं वडिलांचा हात धरला तेव्हा तिचा दुसरा हात आपसूक डाव्या कमरेवर गेला आणि एक क्षण तिथंच राहिला. समराननं तो हात ओळखला. तो त्याचा होता. कितीतरी वर्षं तो तसाच तिथं ठेवून तो चौकीचा जिना उतरला होता.

*

“वचन दे,” त्यानं त्या रात्री जेवताना म्हटलं.

“दिलं.”

“काय ते तरी विचार.”

“पाणी पिईन. उठेन. दर दोन तासांनी उठेन. झालं?” तोईनं भाताचा घास केला, मिरचीच्या चटणीत बुडवला. वडिलांच्या ताटात चटणी नव्हती, मासळीचा खारा रस नव्हता, फळ नव्हतं. ते बघून तिनं स्वतःची वाटी दूर सारली. “बाबा, तुम्ही नका काळजी करू. मी काही तुमच्याएवढी कडक नाही.”

लमदुआन रोज सकाळी तोईच्या पिशवीत पाण्याची मोठी बाटली घालायची. रोज संध्याकाळी बाटली परत यायची. लमदुआन ती ओट्यावर ठेवायची, काही न बोलता, समरानला दिसेल अशी. भरलेली असायची. झाकणाची गोल कडीसुद्धा तुटलेली नसायची. घरात दोन बाटल्या झाल्या होत्या: एक जिच्यातून रेघेपलीकडं प्यायला परवानगी नव्हती, एक जिच्यातून कुणी पीत नव्हतं.

“तुम्ही बोला तिच्याशी,” लमदुआन म्हणाली.

“बोललो की.”

“बोललात. पण ती बघते कुणाकडं? तिच्या खोलीत तुमचा फोटो आहे, त्या चौकीतला. बोलणं कोण ऐकतं, फोटो समोर असताना?”

 तो फोटो खात्याच्या कुठल्याशा मासिकात छापून आला होता. काचेमागं ताठ बसलेला तो, अंगठा बटणावर, खाली गाड्यांचा समुद्र. मथळा होता, ‘मखामचा निवडुंग’. त्याच्या आयुष्यात कुणी त्याच्याबद्दल लिहिलं ते एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारची पिशवी आटोपल्यावर त्यानं विजार चढवली, शर्टाखाली नळी नीट गुंडाळली, आणि निघाला.

“कुठं?” लमदुआननं विचारलं.

“चौकात.”

तिनं त्याला थांबवलं नाही. फक्त त्याची रेघांची बाटली तिनं त्याच्या हातात दिली, दुपारच्या रेघेपर्यंत उरलेली.

*

ऊन इतकं होतं की डांबर मऊ झालं होतं. चिंचेखाली चुआनमावशी नेहमीसारखी फुलांचे हार गुंफत बसली होती. गाड्या थांबल्या की काचा ठोठावून ती हार विकायची. आरशाला बांधायचे, देवासाठी.

“अगं बाई, कोण हे? भूत का माणूस?”

“अजून माणूस आहे मावशी.”

“मग इतका पिवळा कसा? आणि ये बस. पाणी देऊ?” तिनं बर्फाच्या पेटीत हात घातला आणि लगेच जीभ चावली. “विसरलेच बघ. मेली माझी आठवण.”

“तोई खाली येते का कधी?”

“तुझी लेक?” मावशीनं सुई थांबवली. “ती तुझीच लेक. सकाळी वर जाते ती दिवे लागल्यावर खाली येते. परवा उतरताना जिन्यावर बसली होती जराशी. मी म्हटलं, काय ग? तर म्हणते, चक्कर. उन्हाची. मी काही बोलले नाही. तू तरी बोललेलं ऐकायचास का?”

समरान जिना चढायला लागला. लोखंड तापलेलं होतं. पोटातलं पाणी प्रत्येक पायरीला हिंदकळे. पूर्वी हा जिना तो बोलता बोलता चढायचा. आता मध्येच थांबून त्याला कठडा धरावा लागला. वरून वॉकीटॉकीची खरखर ऐकू येत होती, आणि तिच्यावर तोईचा आवाज, कोरडा, कापल्यासारखा नेमका.

“मखाम. पूर्वेचे सोडतेय. घ्या.”

“घेतले,” पलीकडून थावोन.

दार उघडल्यावर तिनं मान वळवली.

“बाबा! तुम्ही वर कशाला आलात? खाली मावशीकडं बसायचं, मी आले असते.”

“कधी?”

तिनं रांगांकडं बघून अंगठा दाबला. चौकीत तोच वास होता, गरम तारांचा आणि माणसाच्या पाठीचा. तिच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. पायाशी बाटली उभी होती. समराननं वाकून ती उचलली. झाकण तसंच.

“पी.”

“पिते. ही रांग जाऊ द्या.”

रांग गेली. दुसरी आली. एका रुग्णवाहिकेला तिनं वाट काढून दिली. शाळेच्या बसेस अडवल्या, सोडल्या. तिचं काम बघताना त्याच्या छातीत एक जुनी गोष्ट हलली, आणि तिला अभिमान म्हणायचं की आणखी काही, त्याला कळेना. ती उत्तम होती. ती हुबेहूब तो होती.

“तोई, पाणी पी आणि खाली जाऊन ये.”

“आत्ता? बाबा, पुढचा चौक भरलाय. मी उठले तर काय होईल तुम्हाला सांगायला पाहिजे का?”

“होऊ दे.”

ती पहिल्यांदा पूर्ण वळली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, फक्त नवल होतं.

“तुम्ही कधी उठलात?”

वॉकीटॉकी खरखरला. खाली कुणीतरी हॉर्न दाबून धरला. समरान पत्र्याच्या पेटीवर बसला. हा प्रश्न येणार हे त्याला ठाऊक होतं. इस्पितळातून होडीनं येताना त्यानं त्याचं उत्तर कितीदा तरी मनात मांडलं होतं, आणि प्रत्येक वेळी मोडलं होतं.

“एकदा उठायला हवं होतं,” तो म्हणाला. “तू शाळेत होतीस. कुणीतरी परदेशी पाहुणा यायचा होता. मला सांगितलं, चारही लाल धरून बस, ताफा येतोय. मी धरले. ताफा येईना. साहेब म्हणे, आत्ता येतोय, हलू नकोस. सकाळी उकडलं म्हणून मी दोन बाटल्या पाणी प्यायलो होतो.” तो थांबला. “मी खुर्चीत केली, तोई.”

ती बघत राहिली.

“ह्याच खुर्चीत. पँट भिजली. बूट भरला. खाली हजार गाड्या उभ्या आणि मी वर काचेच्या पेटीत, सगळ्यांना दिसतोय, ताठ. पंखा मांडीवर लावून बसलो. संध्याकाळी थावोन आला बदलीवर. त्याला म्हटलं, खिडकीतून पाऊस आला. त्या दिवशी पाऊस नव्हता. तो म्हणाला, हो, आला असेल.” समराननं हातातल्या बाटलीचं झाकण फिरवलं, कडी तुटल्याचा बारीक आवाज झाला. “त्यानंतर मी ड्यूटीवर पाणी सोडलं. व्रत कसलं? मला भीती बसली होती. पुन्हा तसं होईल याची भीती. आणि तुम्ही सगळ्यांनी त्याला निवडुंग म्हटलं, आणि मी म्हणू दिलं. मला बरं वाटलं. पोरांना शिकवलं. तुला शिकवलं.”

तोई म्हणाली, “आईला माहीत आहे?”

“कपडे तिनंच धुतले ना. तिनं कधी विचारलं नाही.”

“मखाम, झोपलात का?” थावोनचा आवाज. तोईनं न बघता बटण दाबलं, एक रस्ता सुटला.  मग तिनं वडिलांच्या हातातून बाटली घेतली आणि तोंडाला लावली.

समरान तिच्या गळ्याकडं बघत होता. घोट उतरत होता, दिसत होता. कातडीखालून एक लहान लाट खाली सरकत होती, मग दुसरी. त्याचाही कंठ तिच्याबरोबर हलत होता, रिकामा. तिनं अर्धी बाटली संपवली आणि हातानं तोंड पुसलं, लहानपणी पुसायची तसं.

“आता जा.”

“चौक कोण बघेल?”

“मी.”

“तुम्हाला परवानगी नाही, बाबा.”

“नाही.”

ती उठली. उठताना टेबलाची कड तिनं घट्ट धरली आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो तिनं खोकल्यात मिसळून टाकला. समरान खुर्चीत बसला. गादीला तिच्या अंगाची ऊब होती. चार बटणं, त्यांच्यावरचा रंग अंगठ्यांनी घासून गेलेला. त्यातला निम्मा त्याच्याच अंगठ्यानं. ती जिना उतरली. तळाशी पोचल्याचं त्याला पायांच्या आवाजावरून कळलं, आणि मग त्यानं एकेक करून चारही दाबले.

चारही लाल. हे फक्त मोठ्या माणसांसाठी करायचं असतं. मखाम चौक एकाएकी रिकामा झाला. मधला डांबराचा चौकोन उन्हात चमकत उघडा पडला, आणि चारही बाजूंनी गाड्यांची तोंडं त्याच्या काठाशी येऊन थांबली. मोटारसायकलवाल्यांनी माना उंच केल्या. बसच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. सगळ्यांना वाटलं, कुणीतरी येतंय. कुणी मंत्री, कुणी पाहुणा. चुआनमावशी हार हातात धरून उभी राहिली.

त्या मोकळ्या डांबरावरून एक खाकी गणवेशातली बाई एकटी चालत गेली.

वरून तिची चाल पूर्ण दिसत होती. खुर्चीत बसलेली असताना ती कधी दिसली नसती. ती ताठ चालायचा प्रयत्न करत होती, पण डावं पाऊल किंचित उशिरा पडत होतं, आणि हात पुन्हा कमरेवर गेला होता. चौकाच्या मधोमध ती एकदा थांबली. समरानला वाटलं, ती परत फिरणार. मग ती पुढं निघाली, पेट्रोलपंपाच्या मागल्या बाजूला, संडासाच्या निळ्या दाराकडं.

“मखाम! काय चाललंय? कुणाचा ताफा आहे?” हा निरीक्षकांचा आवाज होता. “मला कुणी कळवलं नाही.”

“ताफा नाही, साहेब.”

“कोण बोलतंय?”

“समरान.”

“समरान? तुला वर कुणी जाऊ दिलं? पोरगी कुठाय?”

“लघवीला गेलीय.”

वॉकीटॉकी क्षणभर नुसताच श्वास घेत राहिला. साऱ्या चौकांचं बोलणं त्या एकाच वाहिनीवर चाले. सगळ्या चौक्यांनी ऐकलं असणार.

“तेवढ्यासाठी चारही लाल? डोकं फिरलंय का तुझं? सोड रस्ते! उद्याच्या उद्या त्या पोरीला मी—”

“उद्याचं उद्या, साहेब.”

हॉर्न सुरू झाले होते. आधी एक, मग दहा, मग साऱ्या चौकाचा मिळून एकच लांब हंबरडा. काच थरथरली. त्या आवाजातून थावोन बोलला, हळू, जणू शेजारी बसून.

“साहेब, माझ्याकडची रांग मी धरून ठेवतो. दादा, होऊ द्या तिचं. सावकाश.” मग थोडं थांबून, “त्या दिवशी पाऊस नव्हता, दादा. मला माहीत होतं.”

 म्हणजे इतकी वर्षं मला निवडुंग म्हणताना, समरानच्या मनात आलं, तू हसत नव्हतास. तू मला झाकत होतास.

त्याची नजर निळ्या दारावर होती. दार बंद होतं. एवढा वेळ लागायचं कारण नव्हतं, आणि तरी लागत होता, आणि तो का लागतो हे या शहरात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. त्यानंही अशाच अंधाऱ्या खोल्यांत भिंतीला कपाळ टेकून, दात आवळून, थेंबाथेंबाची वाट बघितली होती. आत ती तशीच उभी असेल. नळ सोडला असेल, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. बंद दाराचा प्रत्येक क्षण त्याला तेच सांगत होता, जे डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवलं होतं. आणि आज ते बोटानं दाखवायची गरज उरली नव्हती.

टेबलावर तिची अर्धी बाटली होती, तिच्या बाजूला त्याची. दोन्हींच्या काचेसारख्या अंगातून ऊन आरपार जात होतं. त्याच्या पोटातलं पाणी जड होऊन खाली ओढत होतं, घसा जळत होता. त्यानं कुठल्याच बाटलीला हात लावला नाही. दोन्ही हात बटणांवर होते.

“मखाम, शेवटचं सांगतो,” वॉकीटॉकी ओरडला.

खाली लोक गाड्यांतून उतरून वर चौकीकडं बघत होते, हात नाचवत होते, कपाळावर आडवा पंजा धरून काचेमागचा माणूस कोण आहे ते शोधत होते. त्यांना तो दिसत होता. पिवळा, घामानं भिजलेला, वाकलेला. त्याला त्याची लाज वाटली नाही.

दार अजून उघडलं नव्हतं. समराननं अंगठा हलू दिला नाही.